लुडीची पहिली पावती

जानेवारीतल्या एका सकाळी लुडी सेडलाचेक माझ्या मागच्या दारातून न ठोठावता आत आली, बर्फाने माखलेले बूट पायपुसण्यावर काढले, माझ्या किटलीतली कॉफी परस्पर ओतून घेतली आणि म्हणाली, "मिस्टर पी, मी चौथ्यांदा अर्ज केला."

कसला, हे मला विचारावं लागलं नाही. टर्की फोर्कमध्ये सव्वादोन हजार माणसं राहतात, आणि लुडीला पोलीस व्हायचंय हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लहान मुलांनासुद्धा. कारण लुडी गेली सव्वीस वर्षं सात नंबरची शाळेची बस चालवत होती, आणि पावसापाण्याने रस्ता अडला की मुलांना हीच गोष्ट सांगायची.

पहिला अर्ज तिने बाविसाव्या वर्षी केला. लेखी परीक्षेत दोन गुणांनी गेली. यात लुडीच्या डोक्याचा काही दोष नव्हता. तिसरीत ती माझ्या वर्गात होती तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, की कागदावरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे स्वस्थ बसत नाहीत. दार उघडं राहिलेल्या खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी ती इकडेतिकडे पळतात. दुसरा अर्ज एकतिसाव्या वर्षी. तेव्हा लेखी पास झाली, पण त्याच महिन्यात नवरा वायोमिंगला तेलाच्या विहिरीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच. घरात दोन लहान मुलं, मग सोळा आठवडे पोलीस अकादमीत जाऊन कोण राहणार? तिसऱ्या वेळी ती बेचाळीस वर्षांची होती. सगळं पार पडलं, आणि शेवटच्या दिवशी सहा फुटी भिंतीवरून उडी मारताना गळ्याजवळचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या तिने परीक्षकाशी वाद घातला होता, "पडले ते पलीकडच्या बाजूला ना? मग ओलांडली की भिंत!" परीक्षकाला ते पटलं नाही.

"लुडी, आता तू एक्कावन्न वर्षांची आहेस," मी म्हटलं.

"अर्जात वयाची खालची अट आहे, वरची नाहीच. मी तीनदा वाचलं. तुम्ही एकदा वाचा, म्हणजे चार वेळा होईल."

मी वाचलं. खरंच नव्हती.

"चीफ ऑकरमनकडे एकच जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "परीक्षा एप्रिलमध्ये. शिकवणार का?"

मला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षांत असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी इतक्या घाईने उठलो की खुर्ची मागे पडली.

रोज दुपारी मुलांना घरी सोडून झालं की ती रिकामी बस माझ्या दारात लावायची, आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. शिकवण्याची माझी एकच युक्ती, ती मी तिसरीत वापरली होती तीच. एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचं आणि म्हणत म्हणत लिहायचं. तोंडाने आवाज केला की अक्षर जागेवर राहतं. मनातल्या मनात लिहायला गेलं की पळतं. लुडी कायद्याच्या पुस्तकातले शब्द अशा आवाजात म्हणायची की पलीकडच्या घरातलं कुत्रं उत्तर द्यायचं. कधी चिडायची, पेन्सिल फेकायची. मी उचलून आणायचो. मुलांना शिकवताना मी एक गोष्ट शिकलो आहे: पेन्सिल उचलून आणणाऱ्याने काही बोलायचं नसतं.

एप्रिलमध्ये तिला शंभरात त्र्याऐंशी गुण मिळाले. तो कागद घेऊन ती माझ्या अंगणात गोल गोल धावली. मीही दोन फेऱ्या मारल्या, मग गुडघ्याने नकार दिला. मे महिन्यात तिने भिंत ओलांडली. पलीकडे पायावर उभी राहिली आणि परीक्षकाला म्हणाली, "मागच्या वेळी मी याच्यापेक्षा लवकर उतरले होते."

मग अकादमी. तिथे सगळी तेवीस-चोवीस वर्षांची पोरं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि आम्ही दोघं हसून हसून थकायचो. सायरन लावून गाडी हाणायची परीक्षा होती त्या दिवसाचं तर तिने मला दोनदा सांगितलं. मैदानावर नकली रस्ते, नकली चौक, समोर पळणारी नकली चोराची गाडी. लुडी सुसाट तिच्या मागे. वाटेत डांबरावर पांढऱ्या रंगाने रेल्वेचे रूळ काढलेले होते. लुडीने तिथे करकचून ब्रेक लावला, खिडकी खाली केली, दार उघडलं, कान बाहेर काढला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दार लावलं आणि मग पुढे निघाली. शाळेच्या बसने रुळांपाशी असंच करायचं असतं आणि सव्वीस वर्षं दिवसातून चारदा ती तेच करत आली होती. तोवर चोर जेवायला गेला होता.

"काय ऐकत होता तुम्ही?" शिक्षकाने विचारलं.

"आगगाडी."

"मॅडम, ते रंगवलेले रूळ आहेत."

"म्हणूनच आली नाही, सर."

दुसऱ्यांदा ती परीक्षा देऊन पास झाली. तेव्हा म्हणे तिने हात मांडीखाली दाबून धरला होता, दाराकडे जाऊ नये म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी लुडी गणवेश घालून गावात परतली, तेव्हा बर्डीन टूमाच्या कॅफेतले सगळे लोक टाळ्या वाजवत रस्त्यावर आले. पण अजून एक पायरी उरली होती. दहा आठवडे तिला एका अनुभवी पोलिसाच्या शेजारी बसून प्रत्यक्ष काम करायचं होतं. तो रोज तिला गुण देणार. शिवाय त्याच्याकडे एक यादी होती, एक्केचाळीस कामांची. एकेक काम तिने स्वतः, मदतीशिवाय करून दाखवलं की तो त्यासमोर सही करणार. एक्केचाळीस सह्या झाल्या तर नोकरी पक्की. नाहीतर घरी. रांगेत दुसरा उमेदवार उभाच होता.

आणि हा अनुभवी पोलीस कोण, तर कोल्टन ब्राख्ट. वय वर्षं सत्तावीस. हाच कोल्टन लहानपणी बसमध्ये मागच्या बाकावरून च्युइंग गम फेकायचा, म्हणून अख्खं पाचवीचं वर्ष लुडीने त्याला स्वतःच्या पाठीमागच्या सीटवर बसवलं होतं.

पहिल्या दिवशी तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "मिस लुडी... म्हणजे, सेडलाचेक. कामावर असताना मला सर म्हणायचं."

"हो, सर."

"मी सांगेन ते विनातक्रार करायचं."

"हो, सर. सर, पट्टा लावा. सीटवर बसल्याबरोबर लावायचा असतो, किती वेळा सांगायचं?"

कोल्टनने पट्टा लावला.

कामात मात्र लुडी पक्की निघाली. हरवलेले म्हातारे आजोबा तिने वीस मिनिटांत शोधले, कारण कुठला रस्ता कुठल्या शेतात जाऊन संपतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बारमध्ये भांडणाऱ्या दोघा भावांना ती फक्त "बसा!" म्हणाली. दोघे बसले. शेजारच्या टेबलावरचे चौघे उभे होते, तेही बसले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चाळीस सह्या झाल्या.

उरलं होतं एकच काम. वाहन अडवून, गुन्हा सांगून, दंडाची पावती हाताने लिहून द्यायची.

गाड्या ती अडवायची. पण पावती काही फाडायची नाही. चव्वेचाळीस वर्षांचा डुएन हृस्का ताशी पंचावन्न मैलांनी गावातून गेला, तर त्याच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "डुएन, तू असा गाडी हाणतोस हे तुझ्या आईला माहीत आहे का?" डुएनच्या डोळ्यांत पाणी आलं. लुडी परत गाडीत येऊन बसली.

"पावती?" कोल्टन म्हणाला.

"सर, त्याला पश्चात्ताप झाला."

"पश्चात्तापाला यादीत रकाना नाही, सेडलाचेक!"

असं नऊ वेळा झालं. चीफ ऑकरमननी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, "या शुक्रवारी पाच वाजता दहावा आठवडा संपतो. पाच वाजता यादी माझ्या टेबलावर हवी. चाळीस सह्या असतील तर मला काही करता येणार नाही."

गावाला वाटलं, लुडी मनाने मऊ आहे. मलाही तसंच वाटत होतं. बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला ती मागच्या दाराने आली, तोपर्यंत. मी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल तिच्यासमोर ठेवला. शाळेत असताना ती रोलचा तुकडा चिलीत बुडवून दोन मिनिटांत ताट साफ करायची. आज तिने हात लावला नाही.

"मऊबिऊ काही नाही मी," ती म्हणाली. "डुएनला तर मी दोन पावत्या दिल्या असत्या."

"मग?"

"तेरा ओळी आहेत, मिस्टर पी. तेरा! नाव, पत्ता, गाडीचा नंबर, कलम. खिडकीतून माणूस माझ्या हाताकडे बघत असतो. घाई केली की अक्षरं पळतात. मोठ्याने म्हटलं तर राहतात. पण मी काय रस्त्यात उभी राहून 'डी, यू, ए' असं ओरडू? अंगावर गणवेश घालून? लोक म्हणतील, हिला लिहिता येत नाही आणि ही आम्हाला कायदा शिकवते."

"अकादमीत कसं केलंस?"

"तिथे पावती वर्गात लिहायची होती. मी शेवटच्या बाकावर बसून कुजबुजत लिहिली. शेजारच्या पोराला वाटलं, प्रार्थना करतेय."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण लगेच गेलं.

"चीफशी मी बोलू का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. आणि हे कुणाला सांगायचंही नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली, आणि पाळली. पण एक्केचाळिसाव्या सहीची बातमी कोल्टनने बर्डीनच्या कॅफेत ॲपल पाय खाताना सांगून टाकली होती, आणि बर्डीनला सांगणं म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून भोंग्यातून सांगणं. खरं कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण लुडीने एक पावती फाडली नाही तर लुडी जाणार, एवढं सगळ्यांना कळलं. आणि टर्की फोर्कने ठरवलं की लुडीला जाऊ द्यायचं नाही.

गुरुवारी सकाळी मी टपाल घ्यायला बाहेर पडलो, तर मुख्य रस्त्यावर जत्रा भरल्यासारखं वातावरण. सत्तर वर्षांची बर्डीन हातात कॉफीची किटली घेऊन भर चौकातून तिरकी चालत होती. पलीकडे पोहोचली, वळली, पुन्हा तिरकी. फादर कुचेरा गाडीतून हळू हळू चालले होते, पट्टा न लावता. न लावलेला पट्टा लुडीला दिसावा म्हणून त्यांनी तो खिडकीबाहेर धरला होता. आग लागली तर पाणी घ्यायच्या नळापुढे, जिथे गाडी लावायला बंदी असते, चार गाड्या एकामागे एक उभ्या, आणि चारी मालक शेजारच्या बाकावर बसून वाट बघत होते. हृस्का बंधूंनी ट्रकचा भोंगा वाजवत तीन चकरा मारल्या, पण वेग वाढवायचा ते विसरले. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसांना गुन्हा करता येत नाही. तो शिकावा लागतो.

लुडी आणि कोल्टन गाडीत बसून हे पाहत होते. कोल्टन म्हणाला, "सेडलाचेक, कुठलाही एक निवडा."

लुडीने दार धाडकन लावलं आणि ती तडक कॅफेत शिरली. मागोमाग सगळा रस्ता आत शिरला.

"काय चाललंय?" ती गरजली.

"कुठे काय?" बर्डीन म्हणाली. "मी कॉफी पोचवत होते."

"कुणाला? नऊ वेळा रस्ता ओलांडलास, किटली भरलेलीच आहे!"

"बघून ओलांडत होते गं. दोन्हीकडे बघून."

"बघून ओलांडलास, तर मग गुन्हा काय केलास?" सगळे हसले. लुडी हसली नाही. "ऐका. मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा खरी नापास झाले. आता तुम्ही मला खोटी पास करणार? फादर, तुम्ही?"

फादर कुचेरांनी मान खाली घातली.

"उद्या कुणी मुद्दाम काही केलं," लुडी म्हणाली, "तर मी यादी घेऊन स्वतः चीफकडे जाईन आणि राजीनामा देईन. कळलं?"

"हो, मिस लुडी," अख्खं कॅफे एका सुरात म्हणालं. त्यात बँकेचा व्यवस्थापकही होता.

त्यामुळे शुक्रवारी गाव इतकं शहाण्यासारखं वागलं की विचारू नका. वीसची मर्यादा तिथे लोक पंधराने चालले. चौकात चार बाजूंनी चार गाड्या थांबल्या आणि 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत तिथेच राहिल्या. स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या दिवशी लोकांनी तेवढं बोटसुद्धा उचललं नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर! दुपारचे तीन वाजले. कोल्टन दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. लुडी धान्याच्या कोठारापाशी गाडी लावून समोर बघत बसली होती.

सव्वातीनला मी बर्डीनकडून कोलाचीचा मोठा ट्रे घेतला. कोलाची म्हणजे मधे गोड सारण भरलेले मऊ पाव, काही प्लमचे, काही खसखशीचे. पाच वाजता लुडी चीफच्या कचेरीतून बाहेर येणार तेव्हा कुणीतरी काहीतरी घेऊन उभं असावं, असं मला वाटलं. पास झाली तर आनंदाने खायची, नाहीतर समजूत काढायला. ट्रे शेजारच्या सीटवर ठेवला आणि माझी जुनी ब्यूक गाडी घेऊन निघालो.

थर्ड स्ट्रीटवर वळताना ट्रे घसरला. मी उजवा हात लांब करून तो धरला. एक कोलाची खाली पडली, तिच्याकडे पाहिलं. वर बघितलं तेव्हा कानाशी बसचा भोंगा वाजत होता.

सात नंबरची बस. रस्त्यात थांबलेली, लाल दिवे लुकलुकत होते, लाल फळी बाहेर आलेली होती. आणि मी तिच्या शेजारून पुढे गेलो होतो.

मी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं आहे, की बसची लाल फळी बाहेर असली की जगातली कुठलीही गाडी पुढे जात नाही, मग बिनधास्त रस्ता ओलांडा. चाळीस वर्षं. मी गाडी कडेला घेतली. मागे सायरन एकदाच वाजला.

लुडी चालत आली. चेहरा पांढराफटक.

"गाडी बंद करा. दोन्ही हात स्टिअरिंगवर."

"लुडी, पायरीवर कुणी—"

"ऑफिसर सेडलाचेक. पहिलीतली मुलगी होती. पाऊल बाहेर टाकलं होतं तिने. मार्व्हलने दप्तर धरून मागे ओढली." मार्व्हल म्हणजे लुडीनंतर बस चालवायला लागलेली बाई.

लुडी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम केलंत?"

"मुलांच्या बाबतीत? लुडी, मुलांच्या बाबतीत मी असं करीन?"

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग ताठ उभी राहिली. "नाही. तुम्ही नाही करणार. लायसन्स, गाडीचे कागद, विमा."

तिने खिशातून पावतीपुस्तक काढलं.

आता अडचण अशी झाली, की काय चाललंय ते बघायला बसमधली सगळी मुलं उठून एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली. सगळी मुलं जागेवर बसल्याशिवाय बस हलवायची नाही असा नियम आहे. बस हलेपर्यंत मार्व्हलने लाल फळी आत घेतली नाही. आणि फळी बाहेर असेपर्यंत कुणालाच पुढे जाता येईना, त्या दिवशी तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. गाड्यांतून माणसं उतरली. डुएन, फादर कुचेरा, बँकेचा व्यवस्थापक. कॅफेतून एप्रनला हात पुसत बर्डीन आली. रांगेच्या टोकाला चीफ ऑकरमनची गाडी येऊन थांबली. कोल्टन हाताची घडी घालून ब्यूकच्या मागे उभा राहिला. सगळं टर्की फोर्क लुडीच्या हाताकडे बघत होतं.

लुडीने पेन कागदावर टेकवलं. आणि तिथेच थांबली.

मी खिडकीतून पाहत होतो. वर्गात असं पेन अडलं की मी बाकाशी उकिडवा बसायचो. आता मला उकिडवं बसता येत नव्हतं, मी आरोपी होतो.

"माझ्या हाताकडे बघू नका," ती पुटपुटली.

"मग कुठे बघू?"

"कोलाचीकडे बघा."

मी कोलाचीकडे पाहिलं. एक मिनिट गेलं. रांगेतून कुणीतरी खोकलं. "हिला जमतंय ना?" असा आवाज आला.

आणि मग लुडीने पावतीपुस्तक धाडकन ब्यूकच्या टपावर ठेवलं, टोपी मागे सारली, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या आवाजात, पलीकडचं कुत्रं जागं करणाऱ्या आवाजात सुरू केलं:

"आडनाव! पी! ओ! एस!"

रस्ता गप्प झाला.

"पी! आय!" लुडी ओरडली. मान लाल झाली होती, पण पेन चालत होतं. "एस! आय! एल!"

बसची एक खिडकी खाली सरकली. पहिलीतली पोरं ती. त्यांच्या वर्गात त्या दिवसांत हेच चाललेलं होतं, अक्षर म्हणायचं आणि लिहायचं. मोठं माणूस तेच करतंय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही.

"पहिलं नाव!" लुडी म्हणाली. "ई!"

"ई!" बस ओरडली.

"एम!"

"एम!" आता सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. "आय! एल!"

"उंची," लुडी म्हणाली. "पाच फूट सहा."

"सात," मी म्हटलं.

"सहा!" बर्डीन पलीकडून ओरडली. "पंचावन्न वर्षं बघतेय मी त्यांना!"

"पाच! सहा!" बस म्हणाली. निकाल लागला.

गाडीच्या नंबरापर्यंत येईस्तोवर डुएन हृस्कासुद्धा म्हणत होता. रस्त्याचं नाव फादर कुचेरांनी खर्जात म्हटलं. लोक हसत होते, पण कसं? वाढदिवसाला सगळे मिळून मेणबत्त्या फुंकतात आणि हसतात ना, तसं. लुडीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तीही हसत होती. कलम लिहायची वेळ आली तेव्हा मात्र तिने हात वर केला आणि सगळे थांबले. तो आकडा तिने एकटीने म्हटला, सावकाश, आणि गुन्ह्याचं नावही: "शाळेच्या थांबलेल्या बसला ओलांडून जाणे." ते ऐकताना कुणी हसलं नाही. माझी मान खाली गेली.

तेरा ओळींना अकरा मिनिटं लागली.

"इथे सही करा," ती म्हणाली. "सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असा अर्थ होत नाही."

"मला कबूल आहे."

"तरी मला ते म्हणावं लागतं. पुढच्या महिन्यात अकरा तारखेला कोर्टात हजर राहायचं. आणि मिस्टर पी," आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्या मुलीच्या आईला आज भेटून या."

"इथूनच जातो."

तिने पावती फाडली. फर्रकन आवाज झाला, आणि रस्त्यावरच्या माणसांनी असा गलका केला की कोठारावरची कबुतरं उडाली. माझ्या हातातल्या प्रतीत दोन चुका होत्या. कुठल्या, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. महत्त्वाच्या जागी सगळं बरोबर होतं. कोल्टनने तिची प्रत दोनदा वाचली, मग घडी केलेली यादी खिशातून काढली, ब्यूकच्या बॉनेटवर ठेवली आणि एक्केचाळिसावी सही केली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"अभिनंदन, ऑफिसर सेडलाचेक," तो म्हणाला, आणि नाक ओढलं.

"रुमाल वापर, कोल्टन," लुडी म्हणाली. मग तिने बसकडे तोंड केलं. "आणि तुम्ही! सगळे! बसा!"

चाळीस बुडं एकदम टेकली. मार्व्हलने लाल फळी आत घेतली. बस निघाली.

पण लुडीने पावतीपुस्तक खिशात ठेवलं नाही. ती ते हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी ओळखली. वाचता यायला लागलेलं मूल घरी जाताना प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत जातं. त्याला थांबवता येत नाही.

"डुएन," ती म्हणाली, "मागचा दिवा फुटलाय तुझा. मुद्दाम फोडलास?"

"नाही, मिस लुडी, तो ऑगस्टपासून—"

"छान. लायसन्स. डी! यू! ए!"

पाच वाजेपर्यंत तिने आणखी सहा पावत्या फाडल्या. डुएनला दिव्याची. बँकेच्या व्यवस्थापकाला, नोंदणीची मुदत संपली म्हणून. हृस्कांच्या धाकट्याला, आणि तो बिचारा या वेळी खरोखरच वेगात होता. फादर कुचेरांनी पट्टा लावला होता, पण गडबडीत गाडी उलट्या बाजूला लावून आले होते. पाचवी पावती चीफ ऑकरमनच्या काचेवर, आग विझवायच्या नळापुढे गाडी लावली म्हणून. कोल्टन तिच्या मागून "सेडलाचेक, पुरे! एकच हवी होती!" असं म्हणत धावत होता.

सहावी बर्डीनची. ती कॅफेकडे परत जाताना चौकातून तिरकी गेली होती, सवयीने, आणि या वेळी दोन्हीकडे न बघता. ती पावती हातात घेऊन बर्डीन रस्त्याच्या कडेला उभी राहिली, चष्मा लावून सगळ्या तेरा ओळी तिने वाचल्या आणि मग, त्या मुलीच्या आईला भेटून नुकताच परतलेल्या मला पलीकडे बघून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली:

"मिस्टर पी! हिला लिहायला शिकवायची काय गरज होती हो तुम्हाला?"